मामा, गाडी परत पाठवली

मामा, आधी बातमी ऐका, बाकीचं मग. गाडी आली होती. मुरबाडहून, पांढरी, काचांची, टपावर प्लास्टिकची फुलं लावलेली. कुणी मागवली ते अजून कुणी कबूल करत नाही. तुमच्या अंगणाच्या तोंडाशी उभी राहिली, ड्रायव्हरनं मागचं दार उघडलं, तेव्हा मी पुढे झालो आणि म्हटलं, "दादा, चहा घ्या आणि परत जा. आमचे मामा खांद्यावरून जाणार." सगळे माझ्याकडे बघायला लागले. कुणीतरी मागून म्हणालंही, "इलास, मागच्या वक्ताला काय झालं ता इसरलास काय?"

नव्हतो विसरलो. म्हणून तर परत पाठवली.

आणि नेलं तुम्हाला! घरापासून आंब्यापर्यंत, आंब्यापासून विसाव्यापर्यंत, तिथून शेताच्या बांधावरून थेट नदीपर्यंत. पाऊण किलोमीटर, सगळा उतार आणि ठेचाळणारी वाट, आणि मी एकदाही खांदा दुसऱ्याला दिला नाही. मंगळवारी नेलं, आज शनिवार आहे, तरी अजून कुणाला तरी हात धरून सांगावंसं वाटतंय. माणूस गेल्यावर असं उसळून बोलू नये, हे कळतं मला. पण हे ज्यांना सांगायचं, ज्यांनी ऐकून मशीनवरून मान न उचलता फक्त "हां" केलं असतं, ते तुम्हीच. म्हणून लिहितोय.

मागच्या वेळचं आपण दोघं कधी धड बोललो नाही. आज मी बोलतो.

मामीला जाऊन आता दोन वर्षं झाली. तेव्हाही पुढचा डावा खांदा माझाच होता. तुम्हाला मुलगा नाही, लेक सुनीता एकटी, म्हणून भाच्याचा मान. मी शहापूरहून आलो, तहसील कचेरीसमोरच्या माझ्या दुकानातून उठून, जिथे मी वीस वर्षं खुर्चीत बसून लोकांचे अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं टाइप करत आलोय. खांदा दिला आणि आंब्याच्याही अलीकडे माझ्या कमरेत अशी काही चमक भरली की गुडघेच वाकले. तिरडी एका बाजूला कलली. मामीचा हात कापडाबाहेर आला. पाच-सहा जणांनी धरली म्हणून निभावलं, आणि पुढे कुणाचा तरी टेम्पो आणून मामीला त्यात ठेवलं. तुम्ही मडकं धरून पुढे चालत होतात. मागे वळून एकदाच पाहिलंत आणि परत चालू लागलात.

तेराव्याला पंगत उठल्यावर तुम्ही मला ओट्यावर बसवून म्हणालात, "तुझी मामी जन्मात टेंपोत बसली नाय रे. तिला गाडी लागायची. सुनीच्या लग्नाला पन मुरबाडला चालत आलती."

एवढंच. ना राग, ना आवाज. मी त्या दिवशी माफी मागायला हवी होती. नाही मागितली. कंबर धरून बसलो आणि खुर्चीला, कामाला, मणक्याचं एल-चार एल-पाच सांगणाऱ्या डॉक्टरला नावं ठेवत राहिलो. मामा, चुकलं माझं. मामीचंही आणि तुमचंही.

मग तुम्ही ती परीक्षा घेतलीत. आठवतंय? त्याच ओट्यावर, शेणानं सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून बसायला लावलंत आणि म्हणालात, "उठ. हात नाय टेकायचा. गुडघ्याला पन हात लावायचा नाय." मला वाटलं, त्यात काय. एकदा पुढे झुकलो, एकदा मागे, शेवटी कुशीवर लोळून, खांबाला धरून कसाबसा उभा राहिलो. चव्वेचाळीस वर्षांचा गडी! आणि तुम्ही, चौऱ्याहत्तरचे, एका हातात कात्री, दुसऱ्या हातात टेप, खाली बसलात आणि नुसते वर आलात. पाटावरून ताट उचलावं तसे. सुनीता आत भांडी आवरत होती, ती पोट धरून हसली.

मी माझं नेहमीचं पालुपद लावलं. "आपण शेतकऱ्याची पोरं मामा, आपल्याला कसला व्यायाम? आपलं अंग कामाचं आहे."

"कंच्या कामाचं?" तुम्ही विचारलंत. "लावनीला कवा उतरलास शेवटचा?"

मी आठवायला लागलो आणि मला आठवेना. आमचं भात दुसऱ्याकडे लावायला दिलेलं, नांगरट ट्रॅक्टरची, झोडणी मशीनची, घरापासून दुकान हाकेच्या अंतरावर आणि तिथेही मी स्कूटरने जाणार. पण डोक्यात आपण अजून नांगर धरलेलाच. ही चूक आपलीच माणसं करू शकतात, मामा. मुंबईतल्या माणसाला निदान ठाऊक असतं की आपण बसून आहोत. आपण सातबाऱ्यावर नाव बघतो आणि समजतो की दंडात जोर आहे.

तुम्ही मात्र ही चूक केली नाहीत, कारण तुम्ही गावातले पहिले बसलेले. धाकट्या भावाला शेत गेलं, तुमच्या वाट्याला शिलाई मशीन आलं. सगळं गाव चिखलात आणि तुम्ही धसईच्या बाजारपेठेत खुर्चीवर, हे तुम्हाला टोचायचं. म्हणून लग्नाच्याही आधीपासून तुम्ही सकाळी नदीवर जाऊन तो वाटोळा गोटा उचलायचात. दहा वेळा छातीपर्यंत, दहा वेळा खांद्यावर, बैठका वेगळ्या. लोक चिडवायचे, 'कपडे शिवनारा पयलवान'. तुम्ही एकदा मला म्हणालात, "त्यांचा व्यायाम शेतात व्हायचा, माझा होत नव्हता. मी एकटाच बसलेला. आता बघ, अख्खा तालुका टेलर झालाय, पन गोटा कोनाला नको."

माझी कंबर गोटा उचलण्याच्या लायकीची नव्हती. मग तुम्ही काय केलंत ते मी शहापुरात शंभर जणांना तरी सांगितलं असेल. पुढच्या रविवारी मी आलो तर मशीनवर खाकी कापडाची एक पिशवी. शाळेच्या गणवेशांच्या उरलेल्या तुकड्यांची, दुहेरी, कडेनं तिहेरी टीप, दोन्ही बाजूंना दप्तराच्या पट्ट्यांचे कान. आत धुऊन वाळवलेली नदीची रेती. लहान बाळाएवढं वजन. मी हसलो. "एवढीशी?"

"उचल तं खरं. पाठ सरळ. कंबर नाय वाकवायची, गुडघं वाकव."

पाचव्यांदा उचलली आणि मांड्या थरथरायला लागल्या. तुम्ही टेपनं माझी मांडी मोजलीत, दंड मोजला, पोट मोजताना मुद्दाम टेप कमी पडल्यासारखं केलंत, आणि मापवहीत माझ्या नावाचं पान उघडलंत. ज्या वहीत गावच्या तीन पिढ्यांच्या छात्या आणि उंच्या आहेत, त्या वहीत माझी मांडी!

आणि वार लावून दिलेत. सोमवार, गुरुवार, शनिवार. मी म्हटलं, जमेल तसं करीन. तेव्हा खरे चिडलात. "संकष्टी जमंल तशी धरतंस काय? वार म्हंजी वार. बाकीच्या दिवशी अंगाला विसावा. पन वार मोडायचा नाय, पावनं आलं तरी नाय, लगीन असलं तरी नाय." आमच्या घरात हे पटकन बसलं. उपासाचा वार कसा लक्षात ठेवावा लागत नाही, तसंच. बायको साबुदाणा भिजवायची आणि विचारायची, "आज तुमचा रेतीचा वार ना?"

दर महिन्याला मी शहापूरहून किन्हवलीमार्गे मोटरसायकलनं पिशवी घेऊन यायचो. तुम्ही ब्लेडनं एका बाजूची शिवण उसवायचात, मापट्यानं रेती ओतायचात, परत शिवायचात. किती ओतली ते सांगायचं नाही, हा तुमचा नियम. "आकडा ऐकलास का डरशील." घरी येऊन उचलली की पहिल्या दिवशी देव आठवायचे, महिनाअखेर तीच पिशवी कडेवर घेऊन मी जिना चढायचो. मग पुन्हा तुमच्याकडे.

काय दिवस होते मामा! दोन अर्जांच्या मध्ये दुकानातच पंधरा बैठका. फेरफाराला आलेली माणसं बाकावर बसून बघायची. "इलासशेट, रेतीचा धंदा काढला काय?" काउंटरला हात लावून जोर काढायचो, तर एका म्हाताऱ्याला वाटलं मला चक्कर आली, त्यानं धावत जाऊन पाणी आणलं. सहा महिन्यांनी त्याच म्हाताऱ्याला मी बाकावरून हात न लावता उठायला शिकवत होतो. आणि ज्या दिवशी गॅसचा भरलेला सिलिंडर मी स्वतः दुसऱ्या मजल्यावर नेला, त्या दिवशी धापा टाकत तुम्हाला फोन केला. "मामा, सिलिंडर! न थांबता!" तुम्ही म्हणालात, "खाली ठेवलास का आदी? मंग ठेव, नि बोल." मी खरंच तो धरूनच बोलत होतो.

कंबर कधी दुखायची थांबली ते मला कळलंच नाही. एक दिवस डॉक्टरांनी विचारलं आणि मी आठवून बघितलं, तर चार महिन्यांत गोळी घेतलेली नव्हती. डॉक्टर म्हणाले, चाळिशीनंतर स्नायू आपोआप झिजतात, नुसतं बसून राहिलं तर आणखी लवकर, तुम्ही करताय ते सोडू नका. मी म्हटलं, सोडू देणारा माणूस नाही आमच्याकडे.

गेल्या वर्षीची म्हशाची, बैलबाजाराची जत्रा काढतो मध्येच. तुम्ही मला घोंगडी घ्यायला म्हणून नेलंत आणि दोन तास बैलांत फिरवलंत. एक शेतकरी बैल बघत होता. दात बघितले, खूर बघितले, मग मालकाला म्हणाला, "बसवून दाखव." बैल बसला. "आता उठव." बैल मागच्या पायांवर जोर देऊन एका झटक्यात उभा राहिला, तेव्हा कुठे तो माणूस बोलणीला तयार झाला. तुम्ही माझ्या दंडाला चिमटा काढलात. "बघितलास? त्याला वरून किती चकचकीत हाय ता बघायचं नाय. उठतो कसा ता बघायचं. वरसामागं तुला हितं बांधला असता तं कोनी फुकट नेला नसता." मी तिथल्या तिथे, जत्रेच्या धुळीत, मांडी घालून बसलो आणि हात न टेकता उठलो. बैलाचा मालक टाळ्या वाजवायला लागला. तुम्ही तोंड फिरवलंत, पण मला दिसलं, हसत होतात.

भांडलोही कमी नाही आपण. मी म्हणायचो, मी संध्याकाळी हायवेच्या कडेनं चालतो, मोबाईलवर पावलं मोजतो, तेवढं पुरे. तुम्ही म्हणायचात, "चालनं चांगलंच. पन चालून गोन उचलता येत नाय." मी तुम्हाला शहापूरच्या जिममध्ये नेलं, वाटलं नाकं मुरडाल. तुम्ही सगळी यंत्रं बघितलीत, एका बाकाच्या रेक्झिनची टीप नखानं तपासून "शिलाई कच्ची हाय" म्हणालात, आणि मग म्हणालात, "बाकी झ्याक. पोरं उचलतात ना, मंग हितं उचलू दे नायतर नदीवर." आणि बाहेर पडल्यावर विचारलंत, "हितं बाया का नाय रे येत?" मी म्हटलं, येतात एखाद-दुसऱ्या. तुम्ही वळून एकदा जिमच्या दाराकडे बघितलंत. त्या बघण्याचा अर्थ मला मंगळवारी कळला.

एक भांडण मात्र अर्धंच राहिलं. दिवाळीनंतरचं. मी पिशवी घेऊन आलो होतो, तुम्ही ब्लेड शोधत होतात. मी विचारलं, "मामा, एवढं करून माणूस मरायचा थोडाच थांबतो?"

"मरू नये म्हनून नाय रे. जाईसतवर आपलं आपन उठता यावं, आपलं पानी आपन घेता यावं म्हनून. दुसऱ्याला पन उठवता यावं."

"पण तुमच्यासारखं रोज करणारे नि माझ्या वडलांसारखं काहीच न करणारे, शेवटी दोघंही त्याच वाटेनं ना?"

तुम्ही शिवण उसवता उसवता म्हणालात, "वाट तीच. मला गाडीत नको घालू म्हंजी झालं." मी विषय बदलला. म्हटलं, चहा टाकायला सांगतो. तुम्हाला अजून काही बोलायचं होतं हे दिसत होतं, आणि मी उठून आत गेलो. तेवढं एक ऐकून घेतलं असतं तर!

मंगळवारी सकाळी सुनीताचा फोन आला. ती आदल्या दिवशीच मुरबाडहून आली होती. तुम्ही उठलात, मोरीत जाऊन आलात, तांब्या भरून घेतलात, मशीनपाशी बसलात आणि मान टेकलीत. कुणाला एक हाक नाही.

आता उचलण्याचं ऐका. पुढे डावीकडे मी, उजवीकडे सुनीताचा नवरा, मागे आळीतला बाळू आणि तुमच्या शेजारचा किसन. "उचला" म्हटलं आणि मी दोन वर्षांचं सगळं बळ एकवटून, पाठ सरळ, गुडघ्यांतून वर आलो. आणि मामा, माझी बाजू उसळली! तिरडी माझ्याकडून वीतभर वर गेली. सगळे ओरडले, "हलू, इलास, हलू!" मला वाटलं, वा, काय ताकद आलीय. खरंच असं वाटलं मला. चालायला लागलो तेव्हा छाती भरून आली होती.

आंबा ओलांडला, जिथे मामीला घेऊन मी मोडलो होतो. मी मोठ्यानं म्हटलं, "मामा, आंबा गेला!" सुनीताचा नवरा माझ्याकडे बघायला लागला. विसाव्याच्या दगडापाशी रीतीप्रमाणे तिरडी खाली टेकवली. खरी गंमत तिथेच झाली. खाली टेकवलेली तिरडी जमिनीपासून परत उचलायची, म्हणजे उकिडवं बसून वजनासकट उठायचं. आम्ही तिघं वर आलो. किसन आलाच नाही. एवढा रुंद गडी, पण दिवसभर ट्रॅक्टरच्या सीटवर. गुडघा धरून खालीच बसला. मागच्यांकडे बघितलं तर एकाची कंबर, एकाचे गुडघे, एकाचं नुकतंच ऑपरेशन. तरणी पोरं पहिल्या पाळीला कंपनीत गेलेली. कुणीतरी फोन काढला. "गाडी लांब नाय गेली, फिरवतो."

तेव्हा मागून आवाज आला, "सरक रे किसनदा."

सुनीता! पदर खोचलेला, डोळे सुजलेले. भावकीतल्या थोरल्या काकांनी हात आडवा केला. "बाया नाय देत खांदा, गो."

"काका, मला बाबांनीच तयार केलीय. दोन वरसं रेती उचलतंय मी. बाजूला व्हा."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. तिच्याकडेही पिशवी! मामीच्या जुन्या परकरांच्या कापडाची, आतून खाकी. तुम्ही तिला सांगितलंत, इलासला बोलू नको, तो चढंल. मला सांगितलंत, सुनीला बोलू नको, ती हसंल. अहो, तुम्हाला तेव्हाच ठाऊक होतं की आपल्या गावात धड चार खांदे मिळायचे नाहीत. म्हणून शिवत होतात! ती उकिडवी बसली, पाठ सरळ, आणि आमच्याबरोबर उठली. एक श्वाससुद्धा मोठा नाही. काकांनी हात खाली घेतला. बांधावरून आम्ही नदीपर्यंत आलो, बहीण-भाऊ, तुम्ही शिकवलेल्या चालीनं, आणि अग्नीही तिनंच दिला.

इथपर्यंत मी जिंकलो होतो मामा. मंगळवार, बुधवार मी जिंकलेलाच होतो.

गुरुवारी राख सावडून आलो. सुनीता तुमचे कपडे एकत्र करायला बसली. खुंटीवरचा शर्ट उतरवला, आतून उलटा केला, आणि तशीच थांबली. मला बोलावलं. शर्टाच्या दोन्ही कुशींना आत टीप होती. एक नाही. एकीच्या आत दुसरी, दुसरीच्या आत तिसरी, चौथी. पाचही शर्ट तसेच. लेंग्यांच्या कमराही आत घेतलेल्या. मग मापवही काढली. तुमच्या स्वतःच्या नावाचं पान होतं, मला माहीतच नव्हतं. छाती अडतीस. खाली छत्तीस. खाली साडेचौतीस. सगळ्यात खाली, गेल्या महिन्यातलं, बत्तीस. मशीनच्या खणात डॉक्टरांचे कागद. पोटात काय वाढत होतं ते तुम्हाला पावसाळ्यापासून ठाऊक होतं.

दर महिन्याला मी तुमच्यासमोर बसायचो. तुम्ही माझी शिवण उसवून रेती भरायचात, आणि मी गेल्यावर स्वतःची शिवण आत घ्यायचात. शर्ट अंगावर नीट बसलेला, इस्त्रीचा. मी त्या शर्टाकडे बघून घरी जाऊन सांगायचो, मामा ठणठणीत आहेत. आणि मंगळवारी माझी बाजू उसळली, ती माझ्या ताकदीनं नव्हे. तुम्ही उरलाच नव्हतात तेवढे.

फार राग आला मला. अजून आहे. अहो, दोन वर्षं मी जड मामांची तयारी केली. मला तुमचं सगळं वजन हवं होतं, दमवणारं, खांदा सोलून काढणारं. मामीच्या वेळचं सगळं फेडायचं होतं मला त्यात. आणि तुम्ही हलके होऊन बसलात, सांगितलंतही नाही! सांगितलं असतंत तर मुंबईला नेलं असतं, भांडलो असतो, रडलो असतो. त्या दिवाळीनंतरच्या दिवशी तुम्ही हेच सांगणार होतात का? मी चहा सांगायला उठलो नसतो तर?

सुनीता म्हणाली, "तुला सांगितलं असतं तं तू दवाखान्यात बसून रायला असतास. त्यांना तू बसायला नको होतास." तिचं खरं असेल. शेवटच्या सकाळीही तांब्या तुम्ही स्वतः भरलात, एवढं मला रागातही दिसतं. गुरुवार असून त्या दिवशी मी पिशवी उचलली नाही. दोन वर्षांत मोडलेला पहिला वार. तुमची क्षमा मागतो, पण उचलवलीच नाही.

सोमवारचा वार करून रेती भरायला तुमच्याकडे ठेवून गेलो होतो, ती माझी पिशवी तुमच्या मशीनवरच होती. एका बाजूची शिवण उसवलेली, सुई कापडात टोचून ठेवलेली, शेजारी घमेल्यात रेती आणि वर मापटं. आज सकाळी मी ती समोर घेऊन बसलो. तुम्ही दर वेळी मोजून ओतायचात. मी मोजलं नाही. घमेल्यातली सगळी रेती आत घातली. मशीन मला येत नाही, हातानं शिवली, टाके हे असे वेडेवाकडे, बोटाला दोनदा सुई लागली. तुम्ही बघितलं असतंत तर सगळं उसवायला लावलं असतंत.

मग ती जमिनीवरून उचलून डाव्या खांद्यावर घेतली आणि त्याच वाटेनं निघालो. आंब्यापाशी गुडघे बोलायला लागले. विसाव्याला रीतीप्रमाणे खाली ठेवली, परत उचलली, एकदा नाही, तीनदा प्रयत्न करून. बांधावर पाय घसरला. खांदा सोलला, शर्ट घामानं चिकटला, आणि नदीपाशी पोचलो तेव्हा मी मोठमोठ्यानं रडत होतो आणि हसतही होतो, समोर कपडे धुणाऱ्या बाया बघत होत्या. काळ्या पडलेल्या जागेपाशी उभा राहिलो. टेकवली नाही. वळलो आणि चढ चढायला लागलो, कारण मंगळवारी तुम्हाला तिथे ठेवून आम्ही सगळे मोकळ्या हातांनी वर आलो होतो. ते मला सहन झालं नव्हतं.

ओट्यावर सुनीता स्वतःची पिशवी उचलत होती, तिचाही वार आजच. मी आलो, पाठ सरळ ठेवून माझी पिशवी हळूच मशीनच्या खुर्चीवर बसवली. तिनं विचारलं, "लय जड झाली काय रे?"

"हां," मी म्हटलं. "आता मामांएवढी हाय."